परदेशात शाळेचं एक वर्ष: खान्देशातल्या घरांनी तयारी कोणत्या क्रमाने करावी

नववी-दहावीतल्या मुलाला किंवा मुलीला विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमातून वर्षभरासाठी परदेशी पाठवायचं म्हटलं, की जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या घरांत आधी पासपोर्ट, पैसे आणि बॅग यांची धावपळ सुरू होते. ती कामं वेळेत होतातही. तरी बरीच मुलं तिकडचे पहिले दोन-तीन महिने खोलीचं दार लावून घरी व्हिडिओ कॉल करण्यात घालवतात, आणि परत आल्यावर अकरावीच्या प्रवेशासाठी खेटे घालतात. तयारीचा क्रम उलटा झालेला असतो, म्हणून असं होतं. आधी शाळेचं वर्ष ठरवायचं, मग कार्यक्रम निवडायचा, मग मुलाला घरातल्या घरात तयार करायचं. कागद या सगळ्याच्या जोडीने चालू ठेवायचे. या वर्षातून मुलाने स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकावं असं वाटत असेल, तर तिसऱ्या कामाला सर्वांत जास्त वेळ द्या. प्रत्यक्षात नेमकं तेच काम राहून जातं.

१. कोणतं वर्ष द्यायचं, हे आधी ठरवा

महाराष्ट्र बोर्डाची दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. अमेरिकेत आणि युरोपातल्या बहुतेक देशांत शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि मे-जूनच्या सुमारास संपतात. म्हणून आपल्याकडच्या मुलांसाठी सोयीचा मार्ग एकच: दहावी द्यायची, ऑगस्टमध्ये जायचं, पुढच्या जूनमध्ये परतायचं आणि त्या वर्षी अकरावीला प्रवेश घ्यायचा. जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, तिथे जायचं तर बोर्डाचा शेवटचा पेपर आणि प्रवास यांत फार दिवस उरत नाहीत. ब्राझीलचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं, म्हणजे ते थेट दहावीच्या परीक्षेवरच येतं.

अमेरिकेच्या शालेय देवाणघेवाणीसाठी जे-१ प्रकारचा व्हिसा लागतो. कार्यक्रम सुरू होताना वय किमान १५ आणि जास्तीत जास्त साडेअठरा असावं लागतं, आणि बालवाडी सोडून शाळेची ११ पेक्षा जास्त वर्षं पूर्ण झालेली चालत नाहीत. आपली दहावी म्हणजे १० वर्षं, त्यामुळे दहावीनंतर अडचण नाही. ‘आधी बारावी होऊ द्या, मग बघू’ असं म्हटलं की हा दरवाजा बंद झाला.

तिकडचं वर्ष आपली अकरावी म्हणून धरलं जाईल, या भरवशावर अजिबात राहू नका. तिकडे मूल गणित, इतिहास, चित्रकला, बास्केटबॉल असे विषय घेईल. इथे बारावीचा फॉर्म भरताना अकरावी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा लागतो. हे वर्ष जादाचं आहे असं मानूनच निर्णय घ्या. ‘वर्ष वाया जाईल’ ही भीती मात्र बरीचशी गैरसमजातून येते. नीटसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि जेईई मेनची पात्रता बारावी कोणत्या वर्षी झाली त्यावर ठरते. दहावीनंतर एक वर्ष मध्ये गेलं म्हणून कुठली प्रवेश परीक्षा हुकत नाही. राज्याच्या कोट्यातल्या वैद्यकीय आणि अभियांत्रिकी जागांसाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असणं महत्त्वाचं असतं, म्हणून बारावी परदेशात करण्याचा मोह टाळा.

*इशारा:* अकरावीला नाव घालून ठेवायचं, ‘हजेरीचं आम्ही बघून घेतो’ असं कॉलेजकडून ऐकायचं आणि मुलाला पाठवायचं, हा मार्ग धरू नका. तोंडी शब्दावर मुलाचं वर्ष टांगणीला लागतं.

*तपासणी:* सीबीएसई शाळेतलं मूल असेल तर मध्ये एक वर्ष सोडून अकरावीला परत घेणार का, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या.

२. नववीच्या दिवाळीत सुरुवात करा

ऑगस्टमध्ये जायचं असेल तर अर्ज आदल्या वर्षी जातो. म्हणजे निवडचाचणी, मुलाखत आणि कागद हे सगळं दहावीच्या क्लासच्या ऐन गर्दीत येतं. नववीच्या दिवाळीत माहिती काढा आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत अर्जाचं लिखाण संपवा. दहावीच्या डिसेंबरपासून परीक्षा संपेपर्यंत मुलापुढे या कामाचा एकही कागद येता कामा नये.

३. कार्यक्रम निवडणं

रोटरीचा युवक देवाणघेवाण कार्यक्रम आपल्याकडे त्यातल्या त्यात जवळचा, कारण रोटरी क्लब तालुक्यांच्या गावांतही आहेत. तो १५ ते १९ वयोगटासाठी असतो. मूल वर्षभरात साधारणपणे एकापेक्षा जास्त कुटुंबांत राहतं. राहणं, जेवण आणि शाळा यजमान बाजूकडे असतं, विमानाचं तिकीट, विमा आणि व्हिसा आपल्याकडे. दारू, अमली पदार्थ, गाडी चालवणं आणि प्रेमप्रकरण या चार गोष्टींना सक्त मनाई असते, आणि ती मोडली तर मुलाला परत पाठवतात. आपलं मूल जातं तसं तिकडचं मूल इथे येतं, आणि पुष्कळदा त्याला आपल्याच घरी काही महिने ठेवावं लागतं. याची तयारी आजी-आजोबांना विचारून आधी करा. मे महिन्यात भुसावळला पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा पाहुण्या मुलीला कुठली खोली द्यायची, इतक्या बारकाव्यापर्यंत बोलणं झालेलं असावं.

एएफएस ही संस्था भारतात प्रामुख्याने शाळांमार्फत काम करते, म्हणून तिथे पहिली विचारणा शाळेतून झालेली बरी. अमेरिकी परराष्ट्र खात्याने २००२ मध्ये सुरू केलेली केनेडी-लुगर यूथ एक्सचेंज अँड स्टडी, म्हणजे ‘येस’ ही शिष्यवृत्ती निवड झालेल्यांचा जवळजवळ सगळा खर्च उचलते. ती सरकारी निधीवर चालते, त्यामुळे त्या वर्षी भारतासाठी अर्ज खुले आहेत का हे पाहूनच बेत करा. अशा शिष्यवृत्तीवर गेलेल्याला परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय अमेरिकेचे काही नोकरीचे व्हिसा आणि ग्रीन कार्ड मिळत नाही. पुढे शिकायला जायला या अटीची आडकाठी नसते.

जपानचा साकुरा सायन्स कार्यक्रम वेगळ्या जातीचा आहे. तो अगदी थोड्या दिवसांचा असतो आणि निवड सरकारी यंत्रणेमार्फत होते. नवोदय आणि इतर सरकारी शाळांतल्या मुलांनी त्याची चौकशी जरूर करावी, पण तो कुटुंबात राहण्याचा कार्यक्रम नाही.

*इशारा:* खासगी एजंट ‘व्हिसाची गॅरंटी’, ‘न्यूयॉर्कचीच शाळा’ किंवा ‘भारतीय कुटुंबच देऊ’ असं म्हणाला तर तिथून उठा. व्हिसाची हमी कोणालाच देता येत नाही. अमेरिकेच्या जे-१ शालेय कार्यक्रमात यजमान कुटुंब सेवाभावाने मुलाला ठेवतं, आणि गाव कोणतं हे त्या कुटुंबावर अवलंबून असतं. बहुतेक मुलं लहान गावांत जातात. यावल-रावेरच्या मुलांना तिथे उलट लवकर रुळता येतं, असं मी पाहत आलो आहे.

४. नावाचा घोळ आधी मिटवा

हे काम क्षुल्लक वाटतं, पण सर्वांत जास्त दिवस हेच खातं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम वेगळा. जन्मदाखल्यावर कधी नुसतं मुलाचं नाव, तेही वेगळ्या स्पेलिंगने. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना स्वतंत्र असतो आणि मुलाचं व वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात येतं. आडनावाचा रकाना रिकामा राहिला तर अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ अशी अक्षरं छापून येतात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. मग शाळा, विमा, बँक, प्रत्येक ठिकाणी मूल तेच समजावत बसतं.

क्रम असा ठेवा. आधी जन्मदाखला आणि शाळेचं रजिस्टर जुळवा, मग आधार दुरुस्त करा, शेवटी पासपोर्ट काढा. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी झाली पाहिजे, नंतर ती फार किचकट होते.

अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टसाठी आई-वडील दोघांच्या संमतीचं ‘परिशिष्ट डी’ लागतं. लहान मुलाच्या पासपोर्टची मुदत ५ वर्षं किंवा वय १८, यांपैकी जे आधी येईल तेवढीच असते. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर १० वर्षांचा पर्याय मिळतो, तो घ्या. मूल बाराव्या-तेराव्या वर्षी काढलेल्या पासपोर्टवर गेलं, तर मुदत परदेशातच संपण्याची वेळ येते.

*तपासणी:* पासपोर्ट, दहावीचा फॉर्म आणि कार्यक्रमाचा अर्ज शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा.

५. यजमान कुटुंबाला पत्र

अर्जातल्या सगळ्या कागदांत हे पत्र सर्वांत जास्त मन लावून लिहायचं, कारण ते वाचूनच एखादं कुटुंब ‘हे मूल आमच्याकडे येऊ दे’ म्हणतं. आपल्याकडे ते क्लासचे सर लिहून देतात किंवा मोठा भाऊ इंटरनेटवरून उतरवतो. मग सगळ्यांचं पत्र एकसारखं दिसतं: मी कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, दहावीत इतके टक्के अपेक्षित आहेत. यातून त्या कुटुंबाला मुलाबद्दल काहीच कळत नाही.

एका मुलीने पहिल्या मसुद्यात ‘माझे वडील शेतकरी आहेत’ इतकंच लिहिलं होतं. शेतात तू स्वतः काय करतेस असं विचारल्यावर तिने लिहिलं, की केळीचा चीक कपड्यावर पडला तर डाग कधीच जात नाही, म्हणून घड कापायच्या दिवसासाठी तिचा एक जुना शर्ट दाराआड वेगळा टांगलेला असतो. घड खांद्यावर घेताना मानेखाली गोणपाट ठेवतात, आणि तिला अजून दोनच फण्या कमी असलेला लहान घड उचलता येतो. या तीन ओळींत घर, काम आणि मुलगी तिन्ही दिसतात. असं लिहायला मुलाला वेळ लागतो. तेवढा वेळ द्या, आणि इंग्रजी थोडं अडखळतं राहिलं तरी राहू द्या.

घरी अहिराणी, शाळेत मराठी, क्लासमध्ये इंग्रजी असं असेल तर ते पत्रात ठळकपणे लिहावं. तीन भाषांत रोज ये-जा करणारं मूल चौथ्या ठिकाणी लवकर मिसळतं, आणि निवड करणाऱ्यांना ते कळतं. फोटो स्टुडिओतले नकोत. ओट्यावरचे, शेतातले, कानबाईच्या सणाच्या दिवशीच्या घरच्या गर्दीतले पाठवा.

खाण्याबद्दल खरं लिहा. ‘सगळं चालतं’ असं निवड व्हावी म्हणून लिहायचं आणि तिकडे जाऊन उपाशी राहायचं, हे फार वेळा होतं. अंडं चालतं का, एकाच तव्यावर मांस आणि भाजी झालेली चालते का, शेजारी बसून कोणी मांस खाल्लं तर चालतं का, या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी लिहा.

६. घरातली सहा महिन्यांची तयारी

बोर्डाच्या वर्षात हे कधी करायचं, असं पालक विचारतात. यासाठी वेगळा तास लागत नाही, घरातली पद्धत थोडी बदलावी लागते.

*नकार आणि होकार.* आपल्याकडे पाहुणा आधी ‘नको’ म्हणतो आणि घरधनीण आग्रह करून वाढते. तिकडे ‘नको’ म्हटलं की ताट उचललं जातं. कित्येक मुलं पहिल्या आठवड्यात अर्धपोटी झोपतात ती यामुळे. घरीच सवय लावा: भूक असेल तर ‘हो, हवंय’ एकदाच आणि स्पष्ट. आईनेही दुसऱ्यांदा विचारायचं नाही. पहिले काही दिवस आईला हे जड जातं.

*‘समजलं नाही’ म्हणणं.* मोठ्यांसमोर मान डोलवून मोकळं व्हायची आपल्या मुलांना सवय असते. यजमान आई सांगते तीन वाजता बसस्टॉपवर थांब, मूल ‘येस’ म्हणतं आणि भलत्याच ठिकाणी उभं राहतं. घरी कोणी काही सांगितलं की मुलाने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं, असा नियम करा.

*स्वतःची कामं.* ताट घासणं, कपडे मशीनला लावणं, चादर बदलणं, बाथरूम धुणं. मुलगा असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण आपल्या घरांत मुलींना यातलं पुष्कळ येत असतं आणि मुलांना पाण्याचा पेलाही हातात मिळतो.

*एकट्याने व्यवहार.* बँकेत जाऊन स्लिप भरणं, जळगावहून नाशिकला एकट्याने बसने जाणं, दुकानदाराला वस्तू परत करणं. यात एखादी चूक झाली तर निस्तरायलाही मुलालाच पाठवा.

*चार पदार्थ.* वरण-भात, खिचडी, वांग्याचं भरीत आणि शेवभाजी इतकं आलं तर पुरे. वांगी तिकडे मिळतात, शेव आणि काळा मसाला इथून बांधून नेता येतो.

*तपासणी:* जाण्याच्या दोन महिने आधी मुलाला आठवडाभर अशा नातेवाइकाकडे ठेवा, जिथे त्याचं फार जाणं-येणं नाही. फोन रविवारीच करायचा. काय जमलं नाही, ते परतल्यावर त्याच्याच तोंडून ऐका.

७. लसी आणि व्हिसा

लसींचं कार्ड आताच शोधा. अमेरिकी शाळा लसींच्या नोंदीशिवाय सहसा वर्गात बसू देत नाहीत. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला लस मिळते, तिच्यात गालगुंडाची लस नसते. तिकडे एमएमआर मागतात, ज्यात तिन्ही असतात. कांजिण्यांची लसही सरकारी यादीत नाही. दोन्हींचे दोन-दोन डोस लागतात आणि मध्ये किमान चार आठवडे सोडावे लागतात, म्हणून एप्रिलमध्येच डॉक्टरांकडे जा. २०१८ च्या अखेरीस शाळांत झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेतला डोस कार्डावर नोंदलेला आहे का, तेही पाहा.

क्षयरोगाची चाचणी मागितली तर हे लक्षात ठेवा: बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, घेतलेल्या मुलाची हातावरची चाचणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. ‘इग्रा’ ही रक्ताची चाचणी बीसीजीमुळे फसत नाही. डॉक्टरांशी त्याबद्दल बोला.

व्हिसासाठी क्रम असा: संस्थेकडून डीएस-२०१९ फॉर्म, म्हणजे कार्यक्रमासाठीचा पात्रता दाखला, येतो, मग सेव्हिस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणी यंत्रणेचं), मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मग मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. जून २०२५ पासून जे-१ व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं, म्हणून मुलाबरोबर बसून जुन्या पोस्ट पाहून घ्या. मुलाखतीत उत्तरं मुलानेच द्यायची. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. कुठल्या गावी, कोणाकडे, परत आल्यावर काय, हे तीन प्रश्न त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत.

८. बॅग

थोडक्यात सांगतो. थंडीचे जाड कपडे तिकडेच घ्या, इथले पुरत नाहीत. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, त्यामुळे इथली इस्त्री किंवा किटली नेऊ नका. फळं, बिया आणि मांसाचे पदार्थ नकोत. मसाले, शेव, पापड सीलबंद न्या आणि खाण्याचे पदार्थ आहेत असं कस्टम्सला सांगा. शाळेत दाखवायला ताजमहालाचे फोटो नेण्यापेक्षा आपले न्या: कापसाने भरलेली बैलगाडी, मांडे करताना हातावर फिरवलेली पोळी, तोरणमाळ, अजिंठा.

९. पहिले सहा आठवडे

पहिल्याच संध्याकाळी यजमानांना विचारायच्या प्रश्नांची यादी मुलाकडे लिहिलेली असावी. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? आंघोळीची वेळ कोणती आणि किती मिनिटं? कपडे कधी धुता? फ्रीजमधलं न विचारता घेतलं तर चालेल का? खोलीचं दार उघडं ठेवू की बंद? फोन किती वाजेपर्यंत?

एक गोष्ट इथूनच शिकवून पाठवा. तिकडच्या बहुतेक घरांत बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला वाट नसते. शॉवरचा पडदा टबच्या आत सोडायचा आणि एक थेंबही बाहेर सांडू द्यायचा नाही. आपल्या बादलीच्या सवयीने अंग धुतलं तर पाणी खालच्या मजल्याच्या छतात उतरतं, आणि ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात नाराजी येते.

घरी फोन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. अमेरिकेच्या मध्य भागात आणि आपल्यात उन्हाळ्यात साडेदहा तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेअकरा. आईने सकाळी उठल्यावर कॉल करायचा म्हटलं तर तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ असते, आणि मूल त्या कुटुंबाच्या टेबलावरून उठून खोलीत जातं. ओळख, भाषा, विश्वास सगळं त्या टेबलावर जमणार असतं. इथल्या आजारपणाच्या, भांडणाच्या बातम्या मुलाला लगेच कळवू नका. तिकडच्या तक्रारीवर इथून उपाय सुचवण्याची घाई करू नका. ‘तू त्यांना विचारलंस का?’ हा प्रश्न पुष्कळदा पुरतो.

साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रडू येतं, आणि सणासुदीला पुन्हा येतं. तेव्हा परत बोलावण्याचं आश्वासन देऊ नका. त्या दिवशी यजमानांसाठी काहीतरी स्वयंपाक कर, असं सुचवा.

१०. खरोखर काही बिघडलं तर

घरची आठवण आणि असुरक्षितता यांत फरक करायला मुलाला आधीच शिकवा. कोणी नको तसा स्पर्श केला, खोलीत शिरलं, पासपोर्ट काढून घेतला, जेवण नाकारलं, तर सहन करायचं नाही आणि त्याच दिवशी सांगायचं. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे स्थानिक समन्वयकाने मुलाशी दर महिन्याला संपर्क ठेवायचा असतो. समन्वयक, शाळेचा समुपदेशक, अमेरिकी परराष्ट्र खात्याची जे-१ विद्यार्थ्यांसाठीची मदतवाहिनी आणि तिकडचा तातडीच्या मदतीचा ९११, हे चारही नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, कारण मोबाईल बंद पडू शकतो. कुटुंब बदलून मागण्यात कमीपणा नाही, आणि नातेवाईक काय म्हणतील म्हणून मुलाला गप्प बसायला सांगू नका.

*तपासणी:* त्रास झाला तर वापरायचा एक साधा सांकेतिक शब्द घरात ठरवून ठेवा, म्हणजे कोणी शेजारी बसलेलं असतानाही मुलाला तो फोनवर बोलता येईल.

११. परतीच्या आधी आणि नंतर

तिकडची शाळा सुटण्यापूर्वी तीन कागद मुलाने स्वतः मागून घ्यायचे: सही-शिक्क्याची गुणनोंद, हजेरीचा दाखला आणि कार्यक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. जूनमध्ये तिकडची ऑफिसं बंद झाली की पुढे दोन महिने ईमेलला उत्तर येत नाही. इकडे पालकांनी दहावीची मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला लागू असल्यास तो, आणि मधल्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवायचं. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे, त्यामुळे नोंदणी आणि पसंतीक्रम मूल तिकडे असतानाही भरता येतो. त्यासाठी ओटीपी येणारा मोबाईल नंबर इथल्या पालकांचा द्या.

पहिला महिना मूल चिडचिडं होतं, इथल्या आवाजाला आणि गर्दीला वैतागतं, सारखं ‘तिकडे असं नसतं’ म्हणतं. दुसरीकडे आई पुन्हा ताट हातात द्यायला लागते आणि सहा महिन्यांची सवय आठवड्यात मोडते. त्याची घरातली कामं त्याच्याकडेच राहू द्या. बँकेचं, प्रवेशाचं, बसच्या रिझर्व्हेशनचं काम त्यालाच सांगा. मित्र एक वर्ष पुढे गेलेले असतात, ते त्याला टोचतं. अकरावीच्या नव्या वर्गात पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर जाऊ नका, आणि क्लास लावायची घाई जुलैपर्यंत थांबवा.